सुखाची अंगणवाडी

आमच्या घरात मुलगी बोलायला शिकली ती कुजबुजतच. यात अतिशयोक्ती नाही; बोईसरला ज्यांच्या घरी पाळीची नोकरी आहे त्यांना ते लगेच पटेल. रात्रपाळी करून बाप सकाळी घरी येतो, आंघोळ उरकतो, दोन घास खातो आणि खिडकीला जाड चादर लावून झोपतो. मग त्या दोन खोल्यांतला सारा संसार पाय न वाजवता चालतो. हातातून ताटली निसटली की आई डोळे वटारते. दारात कुणी आले की आमची चिमुरडी आधी ओठांवर बोट ठेवायची आणि हलक्या आवाजात सांगायची, "बाबा झोपलेत." कित्येक वर्षे आम्ही याचे कौतुक करत आलो. किती शहाणी मुलगी! या शहाणपणाची किंमत काय, हे मला फार उशिरा कळले.

आमचा हा पट्टाच घड्याळाला बांधलेला. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे, औषधांचे, कापडाचे, पोलादाचे कारखाने आले. वाडवळ, मांगेले, भंडारी, वारली यांच्या या मुलखात विदर्भ-खानदेशापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची माणसे येऊन राहिली. बोली वेगवेगळ्या, पण पाळी सुटल्यावर रस्त्यावर लागणारी सायकली-मोटारसायकलींची रांग सगळ्यांची एकच. जे कारखान्यात नाहीत ते गाडीत आहेत. एप्रिल २०१३मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि मुंबईला नोकरी करणाऱ्यांची मोठी सोय झाली. पण अंतर काही कमी झाले नाही. पोर झोपलेले असताना निघायचे आणि ते झोपल्यावर परतायचे. आमचे एक शेजारी हसत हसत म्हणतात, "माझा मुलगा मी उभा वाढताना पाहिलाच नाही, आडवाच पाहिला." ऐकणारेही हसतात, आणि मग जरा वेळ कुणी काही बोलत नाही.

अशा घरात सुख ठेवायचे कुठे? आम्ही सगळ्यांनी त्याला एक जागा नेमून दिलेली असते. ते सुट्टीच्या दिवशी असते, समुद्रावर असते, वाढदिवसाच्या केकमध्ये असते. माझे गणित तर फार सोपे होते. ओव्हरटाइमला दुप्पट दर. तो करायचा, पैसे साठवायचे आणि त्या पैशांतून मुलांसाठी सुख आणायचे. केळव्याच्या किनाऱ्यावर वर्षातून दोन-तीनदा नेले की बाप म्हणून आपली जबाबदारी पार पडली, असे मी खरोखरच धरून चाललो होतो.

मुलगी चौथीत असताना शाळेत निबंध आला: 'माझा आनंदाचा दिवस'. मला वाटले, केळवे असणार; वाळूचा किल्ला, बर्फाचा गोळा, भिजलेले कपडे. वही उघडली तर भलतेच. तिने लिहिले होते की एक दिवस दुपारी लाइट गेली, पंखा बंद पडला म्हणून बाबा उठले, सगळे ओट्यावर येऊन बसले, बाबांनी आईबरोबर वालाच्या शेंगा सोलल्या, आणि ती मोठ्याने बोलली तरी कुणी रागावले नाही. बस्स, एवढाच आनंदाचा दिवस!

अणुवीज केंद्राच्या शेजारी राहून वीज गेल्याचा आनंद! दिव्याखाली अंधार म्हणतात. आमच्या घरी उलटे झाले होते. दिवा गेला तेव्हा मला दिसायला लागले. मी दिवसाकाठी विकत आणू पाहत होतो ते सुख मुलीला ओट्यावर, शेंगांच्या टोपलीशेजारी, फुकट मिळाले होते. अट एकच, बाप जागा हवा.

याच जिल्ह्यात एका बाईंनी हे कोडे फार पूर्वी सोडवले होते. १९४५ साली ताराबाई मोडक डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या आणि त्यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात. दुसरा कुणी असता तर पालकांना नावे ठेवून मोकळा झाला असता. ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरे राखायला जात. तर शाळा त्यांच्या मागे कुरणात गेली. तिचे नावच कुरणशाळा. अंगणवाडी हा शब्द १९७५नंतर देशभर पसरला, पण त्यामागचा साधा विचार आपण घरी आणला नाही. मूल सुखाकडे येत नसेल, तर सुख मुलाच्या अंगणात न्यावे. धुणी, भांडी, शेंगा, दप्तर, वेणी, नळाचे पाणी ही आपली अंगणे. आपण मात्र सुखाची इमारत दूर समुद्रकाठी बांधतो आणि म्हणतो, वेळ मिळाला की जाऊ.

इथे कुणी म्हणेल, "म्हणजे सुख मानण्यावर असते, हेच ना?" नाही. हे वाक्य मला आवडत नाही. बारा-बारा तास उभे राहणाऱ्या कंत्राटी कामगाराला समाधानाचे प्रवचन देणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. शेंगा सोलायला मन लागते हे खरे, पण त्याआधी एक तास लागतो, आणि तो तास कुणीतरी घेतलेला असतो. कामाचा आठवडा ४८ तासांचा, हे १९४८च्या कारखाने कायद्याने ठरवून दिले, ते कामगाराला घरी जाता यावे म्हणूनच ना? मग तो उरलेला वेळ आपणही इतक्या स्वस्तात विकायचा का?

आणि घरी जाता येणे हीसुद्धा गृहीत धरायची गोष्ट नव्हे. ८ मार्च २०१८च्या रात्री मी दुसऱ्या पाळीहून परतत होतो. अकरा वाजून गेले होते. वसाहतीत स्फोट झाला. आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. तीन कामगार गेले. माझ्या कारखान्याचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण ते घरच्यांना कसे कळणार? मी पोहोचलो तेव्हा मुलगी ओट्यावर बसलेली. ती रडली नाही. चपलांचा आवाज ऐकून उठली आणि नेहमीसारखे विचारले, "बाबा, जेवायला वाढू का?" त्या रात्री आमटी गार होती. तशी आमटी मी पुन्हा कधी खाल्ली नाही.

जानेवारी २०२०मध्ये पुन्हा स्फोट झाला, पुन्हा माणसे गेली. सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. त्यावर बोललेच पाहिजे. पण रोज संध्याकाळी ज्या दारात चपला वाजतात, त्या घरात उत्सव चालू आहे, एवढे मला तेव्हापासून कळते.

मी फार मोठे काही केले नाही. ओव्हरटाइम निम्मा केला. केळव्याच्या फेऱ्या कमी झाल्या, फ्रिज दोन वर्षे उशिरा आला. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी तीनला उठायचे, मग भाजी निवडायची ती मी, हे ठरले. कोथिंबीर निवडता निवडता मुलीने मला जे सांगितले, ते समोर बसवून विचारले असते तर कधीच सांगितले नसते.

आता ती पालघरला कॉलेजात जाते. परवा मी रात्रपाळी करून झोपलो होतो. बाहेर तिचा मैत्रिणीशी फोन चालला होता; खळखळून हसत होती. बायको तिला दटावायला निघालेली मला झोपेतच जाणवली.

मी आतूनच म्हटले, "अगं, असू दे. बोलू दे मोठ्याने."