बारीक माणसाला मधुमेह कसा?

‘आमच्या यांचे हातपाय तर काटकुळे, यांना कशी साखर होईल?’ असे म्हणणाऱ्या गृहिणीने एक छायाचित्र जरूर पाहावे. २००४ साली ते ‘दि लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यात लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक शेजारी शेजारी आहेत. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत गाठणे, अशी थट्टाही त्या लेखात होती.

ही लपलेली चरबी नुसती पडून राहत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना लठ्ठ उंदरांच्या चरबीत ‘टीएनएफ-अल्फा’ हे दाह वाढवणारे द्रव्य सापडले. ते निकामी करताच इन्सुलिनचा गुण सुधारला. एरवी दाह होतो तो जंतू शिरल्यावर. इथे जंतू कुठले?

पेशींच्या पृष्ठभागावर ‘टोल-लाइक रिसेप्टर ४’ नावाचा पहारेकरी असतो. काही जीवाणूंच्या आवरणातला स्निग्ध अंश ओळखून तो धोक्याची घंटा वाजवतो. रक्तात स्निग्धाम्ले वाढली की हीच घंटा वाजते, असे २००६ साली दिसले; हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांत त्यांचा उपद्रव बराच कमी होता. पण स्निग्धाम्ल पहारेकऱ्यापर्यंत पोहोचते कसे? याचा एक धागा शांतिनिकेतनात मिळाला. विश्वभारतीचे समीर भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले, की यकृतातून येणारे ‘फेट्युइन-ए’ हे प्रथिन मध्यस्थी करते.

घंटा वाजली की पेशीच्या आत इन्सुलिनचा निरोप अर्ध्या वाटेत अडतो. इन्सुलिन दार ठोठावते, आत कोणी दाद देत नाही, आणि साखर रक्तातच राहते. स्वादुपिंड बिचारे आणखी इन्सुलिन सोडते. वर्षानुवर्षे हे चालले की तेही थकते. मधुमेहाची ही एकच वाट नाही, आनुवंशिकताही आहेच.

म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नये. शिवणाच्या डब्यातली टेप घ्यावी आणि श्वास न रोखता (पुरुषमंडळी हमखास रोखतात!) कंबर मोजावी. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. त्यापुढे आकडा गेला, तर हातपाय कितीही बारीक असोत, उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून घ्यावी.