जबडा कापण्याआधी जनुक तपासा

अमेलोब्लास्टोमा ही जबड्यातली गाठ कर्करोगाची नाही. ती सहसा दुखत नाही, सावकाश वाढते. म्हणूनच रुग्ण दाताच्या डॉक्टरकडे पोहोचतो, तोवर गाल एका बाजूने फुगलेला असतो, दाढा हलू लागलेल्या असतात. एक्स-रेवर खालच्या जबड्याच्या हाडात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे दिसतात. 'कर्करोग नाही' हे ऐकून घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, पण तो पुढचे वाक्य ऐकेपर्यंतच. गाठीभोवतीचे एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाडही कापावे लागते आणि गाठ मोठी असेल तर तिथे पायातले फिब्युलाचे हाड बसवावे लागते. नुसती खरवडली तर गाठ परत येते, कधी दहा वर्षांनीही. तेव्हा सर्जनला दोष देण्यात अर्थ नाही.

दोष आहे तो तपासणी अर्धवट सोडण्यात.

२०१४ मध्ये फिनलंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी या गाठीचे मूळ शोधले. खालच्या जबड्यातल्या बहुसंख्य गाठींत बीआरएएफ या जनुकात एकच चूक असते. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात ६००व्या जागी व्हॅलीनऐवजी ग्लुटामिक आम्ल येते आणि पेशीला मिळणारा 'वाढ' हा निरोप थांबतच नाही. हीच चूक मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात आधीच सापडली होती आणि तिच्यावर डॅब्राफेनिबसारखी औषधेही बाजारात आली होती. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी ती शस्त्रक्रियेआधी मोजक्या रुग्णांना दिली. गाठी आकसल्या, हाड पुन्हा भरू लागले, जबडा वाचवता आला.

वरच्या जबड्यातल्या गाठींत मात्र बऱ्याचदा एसएमओ नावाच्या वेगळ्याच जनुकात बिघाड आढळतो. नुसत्या एक्स-रेवरून हा फरक कळायचा कसा?

जबड्यातच होणाऱ्या केरॅटोसिस्ट या दुसऱ्या गाठीची गोष्ट याहून बोलकी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तिला ट्यूमरच्या यादीत टाकले आणि २०१७ मध्ये पुन्हा सिस्ट ठरवले. नावाचा हा घोळ तज्ज्ञांनी निस्तरावा; रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते पीटीसीएच१ हे जनुक. लहान मुलाच्या जबड्यात अशा दोन-तीन सिस्ट निघाल्या, तळहातावर बारीक खळगे दिसले, तर ते या जनुकातल्या बिघाडाने होणारे गॉर्लिन सिंड्रोम असू शकते. अशा मुलांना पुढे त्वचेचे कर्करोग होऊ शकतात आणि रेडिओथेरपीने तो धोका आणखी वाढतो. म्हणजे दाताच्या खुर्चीवर झालेले निदान पुढच्या कित्येक वर्षांचे उपचार ठरवते, आणि आईवडील-भावंडांनाही तपासायला लावते.

बीआरएएफवरची औषधे महाग आहेत, त्यांनी ताप येतो, थांबवल्यावर गाठ पुन्हा वाढू शकते, मोठ्या चाचण्या अजून झालेल्या नाहीत. हे आक्षेप खरेच आहेत. पण ते औषधावरचे आक्षेप आहेत, तपासणीवरचे नव्हेत. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक पॅथॉलॉजी विभागात असतोच. त्याच्याच एका कापावर व्हीई१ अँटिबॉडीचा रंग चढवला की बीआरएएफमधली चूक बहुधा कळते. कर्करोगाच्या मोठ्या प्रयोगशाळांना हे काम नवे नाही. सरकारी दंत महाविद्यालयांनी त्यांच्याशी हातमिळवणी करावी आणि आरोग्य योजनांच्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रियेबरोबर ही तपासणीही नावानिशी घालावी. अहवाल सर्जनच्या हाती पडायला हवा तो हाड कापण्याची तारीख ठरण्याआधी.