बॅटरी बदलण्याआधी वायर तपासा

बंदीचे दिवस संपत आले. १ ऑगस्टपासून बोटी बाहेर पडतील. जेटीवर रंगकाम चाललंय, जाळी दुरुस्त झाली, इंजिनाचं ऑइल बदललं. पण वायरिंगकडे किती जणांनी बघितलं? आम्ही चार-पाच बोटींवर सहज विचारलं. उत्तर एकच, "सेल्फ मारला, सुरू झालं, मग काय बघायचं?"

गेल्या हंगामात आमच्यातल्याच एका बोटीचं असंच सुरू होत होतं. एका रात्री नांगर टाकून इंजिन बंद केलं आणि पहाटे सेल्फ मारला तर नुसतं 'टक'. दिवे मंद, व्हीएचएफवरून आवाज जाईना, मोबाइलला रेंज नाही. दुसरी बोट नजरेस पडेपर्यंत सगळे खलाशी तसेच बसून राहिले. त्या बोटीने आपली खेप अर्धी टाकून यांना ओढून आणलं. मासळीला भाव आला नाही, डिझेल-बर्फाचा खर्च अंगावर पडला. मालकाने दुसऱ्याच दिवशी नव्या बॅटऱ्या बसवल्या. पंधरा दिवसांनी परत तेच!

दोष शेवटी सापडला तो इंजिनाला जाणाऱ्या अर्थच्या वायरीत. वरून टेप छान गुंडाळलेली, आत तांबं हिरवं पडून भुगा झालेलं. बहुतेक बोटींवर सेल्फचा करंट इंजिनाच्या बॉडीतून आणि या एकाच वायरीतून बॅटरीकडे परत जातो. डायनामोचं चार्जिंगही त्याच वाटेने. वाटच खराब, तर नवी बॅटरी तरी भरणार कशी? रोज थोडी थोडी उतरत गेली आणि एक दिवस बसली. बॅटरीचा काहीच गुन्हा नव्हता.

म्हणून आमचं म्हणणं असं की बॅटरी सगळ्यात शेवटी बदला. आधी मल्टिमीटर घ्या. काही शे रुपयांत मिळतो, एका बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नाही. रात्रभर बंद असलेल्या बोटीवर सकाळी बॅटरी मोजा. १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. २४ व्होल्टचं सिस्टिम असेल तर आकडे दुप्पट धरा.

खरी परीक्षा पुढे आहे. स्टॉप केबल ओढून धरा म्हणजे इंजिन सुरू न होता नुसतं फिरेल. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर ठेवा, क्लॅम्पवर नको, खुंटीवरच. दुसरी पिन इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, रंगावर नव्हे. दुसऱ्याला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. मीटरने पाव व्होल्टच्या आत दाखवलं तर अर्थ ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर ती वायर, तिचे लग, तिचा बोल्ट, सगळं उघडून घासा. हेच पॉझिटिव्हच्या बाजूला करा, बॅटरीच्या खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर मेन स्विच आणि लग बघा. इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ यायला हवं. डायनामोवर १४ आणि बॅटरीवर १३ आलं तर दोष मधल्या वायरीत. दोन्हीकडे कमी असेल तर आधी पट्टा दाबून बघा, ढिला असतो. १५ च्या वर गेलं तर कटआऊट खराब, बॅटरी उकळून मरणार.

बघा, यात मेकॅनिकचं काही नाही. मेकॅनिक लागतोच, पण तो जेटीवर असतो आणि बिघाड समुद्रात होतो.

आता एक गोष्ट रागाने सांगतो. सेल्फवर स्क्रूड्रायव्हर टेकवून इंजिन सुरू करायची सवय सोडा. गियर पडलेला असेल तर बोट जागेवरून उडी घेते आणि खाली वाकलेला माणूस फिरत्या पट्ट्याजवळ असतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, तिथे ठिणगी म्हणजे बॅटरी फुटून ॲसिड तोंडावर. चालू इंजिनावर मेन स्विच बंद करणं हाही तसलाच प्रकार, त्यात डायनामोचे डायोड जातात. वर शिव्या खलाशाला. त्या पोराला हे कधी कोणी सांगितलं होतं का?

मालकांनाही दोन शब्द. फिश फाइंडर, जीपीएस, डेकवरचे दिवे, सगळ्यांचे मोबाइल चार्जर, हे सारं आपण सेल्फच्या बॅटरीवर टाकतो, तेही घरगुती वायरीने, पीळ मारून वर टेप. खाऱ्या हवेत तो जोड एक पावसाळा टिकत नाही. कलई केलेली वायर घ्या, लग दाबून बसवा, वर आकसणारी नळी चढवा. आणि व्हीएचएफ व नेव्हिगेशनच्या दिव्यांना वेगळी बॅटरी द्या. सेल्फ मेला तरी चॅनल १६ वर हाक मारता आली पाहिजे, आणि अंधारात मोठ्या जहाजाला आपण दिसलो पाहिजे. खर्च आहे, मान्य. बोट ओढून आणण्याच्या एका फेरीपेक्षा कमी आहे.

(जाता जाता: जुन्या साध्या पंपाचं डिझेल इंजिन एकदा चालू झालं की त्याला बहुधा वीज लागत नाही. चालता चालता बंद पडलं तर आधी फिल्टरमधलं पाणी आणि लाइनमधली हवा बघा. स्टॉप सोलेनॉइड असेल तर त्याचा फ्यूजही.)

संस्थेच्या बैठकीत आम्ही एवढंच मांडणार आहोत: जेटीवरच्या ऑफिसात दोन मल्टिमीटर आणि एक लग दाबायचा पाना ठेवा, आणि बोटी सुटण्याआधी एक सकाळ तांडेल व खलाशांना हातात मीटर देऊन शिकवा. खलाशी गावाहून परतले की लगेच. ज्यांना आपली बोट त्या दिवशी दाखवायची आहे त्यांनी ऑफिसात नाव द्यावं, आणि येताना बॅटरीचा खण मोकळा करून ठेवावा. मागच्या वेळी अर्धा तास दोऱ्या काढण्यातच गेला.