दोन नंबरची खुर्ची

कट्ट्यावर रात्री अकरानंतर राजकारण निघालं की प्रश्न ठरलेला असतो, मुख्यमंत्री कोण? दोन नंबरच्या खुर्चीबद्दल (धंद्यातला दोन नंबर नव्हे!) कुणी बोलतच नाही. मला मात्र तीच खुर्ची जास्त इंटरेस्टिंग वाटते. कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, उपनेता... नाव काहीही द्या. ही माणसं तिथे पोहोचतात कशी? त्यांना मत कोण देतं?

आमच्या कळसाडीसारख्या नंदुरबार जिल्ह्यातल्या गावाचं बघा. ग्रामपंचायतीचा उपसरपंच व्हायचं तर सदस्यांची सभा बोलवावी लागते, अर्ज भरावा लागतो. एकापेक्षा जास्त अर्ज आले तर हात वर करून मतदान होतं, आणि एखाद्या सदस्यानं मागणी केली तर गुप्त मतदान. सरपंच थेट जनतेतून की सदस्यांमधून, यावर सरकारनं २०१७, २०२० आणि २०२२ मध्ये आपलं मत फिरवलं, पण उपसरपंच सदस्यांच्या मतावरच राहिला. सात-नऊ जणांच्या पंचायतीत एवढी शिस्त असते.

आता मोठे लोक. जानेवारी २००३, महाबळेश्वर. शिवसेनेच्या शिबिरात राज ठाकरे यांनी प्रस्ताव मांडला आणि उद्धव ठाकरे कार्याध्यक्ष झाले. हे पद नव्यानंच तयार केलं होतं. बाळासाहेबांनंतर कोण, या महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मिळालं, आणि एकही मतपत्रिका छापावी लागली नाही. पुढे नोव्हेंबर २००५ मध्ये राज बाहेर पडले, ९ मार्च २००६ ला मनसे आली. मतदान झालं असतं तर फूट टळली असती असं मी म्हणत नाही. पण किती सैनिक कुणाच्या मागे आहेत, हे निदान आकड्यात कळलं असतं की नाही?

बाकीचे पक्ष धुतल्या तांदळासारखे आहेत असं अजिबात नाही. काँग्रेसनं जानेवारी २०१३ मध्ये जयपूरला राहुल गांधींना उपाध्यक्ष केलं, २०१७ मध्ये ते बिनविरोध अध्यक्ष झाले. भाजपनं जानेवारी २०२५ मध्ये रवींद्र चव्हाणांना प्रदेश कार्याध्यक्ष नेमलं, जुलैमध्ये तेही बिनविरोध प्रदेशाध्यक्ष. राष्ट्रवादीत १० जून २०२३ ला शरद पवारांनी प्रफुल्ल पटेल आणि सुप्रिया सुळे या दोन कार्याध्यक्षांची घोषणा केली. बावीस दिवसांनी, २ जुलैला, पक्ष फुटला!

"बिनविरोध" हा शब्द आपल्याकडे किती कौतुकानं छापतात! मला तर तो वाचला की सबमिशनची आठवण येते. सगळ्यांच्या जर्नलमध्ये एकच रीडिंग आलं तर सर काय म्हणतात? सगळे हुशार आहेत असं म्हणतात का?

खरी गंमत पुढे आहे. भांडण निवडणूक आयोगाकडे गेलं की आयोग विचारतो, संघटना कुणाकडे आहे? याचं उत्तर पक्षाच्या घटनेत आणि अंतर्गत निवडणुकांत सापडायला हवं. शिवसेनेच्या बाबतीत १७ फेब्रुवारी २०२३ च्या निकालात आयोगानं म्हटलं की पक्षाच्या २०१८ च्या घटनेवर विसंबता येत नाही, आणि निवडणूक न घेता पदाधिकारी नेमले गेल्याबद्दल चांगलंच सुनावलं. मग मोजलं काय? आमदार-खासदार. ५५ पैकी ४० आमदार शिंदे गटाकडे, त्यामुळे नाव आणि धनुष्यबाण तिकडे. ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचा निकालही आमदारांच्या डोकी मोजूनच लागला. म्हणजे ज्यानं वीस-तीस वर्षं भिंती रंगवल्या, सतरंज्या उचलल्या, त्याचं वजन किती? शून्य. त्याचं मत कधी घेतलंच नव्हतं, मग मोजणार काय? माझा राग कुठल्या एका गटावर नाही, या शून्यावर आहे.

कायदा नाही का? आहे ना. १९८९ पासून पक्षाला आयोगाकडे नोंदणी करताना आपली घटना द्यावी लागते, आणि त्यात ठरावीक मुदतीनं अंतर्गत निवडणुका घेण्याचं कलम लागतं. पण ते कलम धाब्यावर बसवलं तर? नोंदणी रद्द करायचा अधिकार आयोगाला जवळजवळ नाहीच, असं सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये सांगून टाकलं. अटेंडन्स कम्पल्सरी, पण डिटेन्शन नाही. असा नियम कोण पाळतो ते आपल्याला चांगलंच माहीत आहे!

ब्रिटनच्या लेबर पार्टीत उपनेत्याची वेगळी निवडणूक असते. २०२५ मध्ये आधी ८० खासदारांचा पाठिंबा मिळवायचा, मग सभासदांचं मतदान, अशी पद्धत होती. पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळात असलेल्या ब्रिजेट फिलिपसन हरल्या आणि सप्टेंबरमध्येच मंत्रिपद गेलेल्या ल्युसी पॉवेल जिंकल्या. मतदान मात्र जेमतेम १७ टक्के, म्हणजे तिथेही सगळं गोडगोड नाही. पण पंतप्रधानांना नको असलेली बाई त्यांच्याच पक्षात दोन नंबरला बसू शकते, हे आपल्याकडे इमॅजिन करून बघा.

"निवडणूक घेतली की गट पडतात" असं सिनिअर्स सांगतात. गट काय मतपेटीतून बाहेर येतात? ते आधीच असतात. बोगस सभासद, पैसेवाटप, हा आक्षेप मात्र मला पटतो. त्यावर सभासदांची यादी आधी जाहीर करा, गुप्त मतदान घ्या, मोजणीला बाहेरचा माणूस बसवा आणि आकडे छापा. यात रॉकेट सायन्स काय आहे?

आपल्याकडची गोष्टही वेगळी नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी प्रतिनिधी मार्कांवरून ठरायला लागले. २०१६ च्या कायद्यात मतदान परत आलं, पण मी इथे आल्यापासून मतपेटी काही पाहिलेली नाही. विद्यापीठाचं आपल्या हातात नाही, मेस कमिटीचं आहे. पुढच्या महिन्यात लेडीज हॉस्टेलच्या मेसची सहसचिव ठरायची आहे. अजून तरी दोनच नावं कानावर आहेत, आणि "तुम्हीच आपसात ठरवा ना" असं म्हणणाऱ्या बऱ्याच. कोऱ्या चिठ्ठ्या आणि बिस्किटांचा रिकामा डबा माझ्याकडे आहे, मोजायला रेक्टर मॅडमना विचारलंय.