पिकअपच्या हौद्यावर घरगुती छत
बाजाराच्या वाटेवर अवकाळी पावसाची एक सर आली, तरी हंगामाचे धान्य भिजून जाते. पिकअप गाडीच्या हौद्यावर घरच्या घरी छत उभारणे मात्र अवघड नाही. हौद्याच्या दोन्ही फळ्यांना लोखंडी नळीच्या 3-4 कमानी बोल्टांनी घट्ट बसवाव्यात. कमानींच्या माथ्यांवरून लांबीभर एक नळी बांधावी. म्हणजे ताडपत्रीला दोहों बाजूंनी उतार मिळतो. 1 चौरस मीटर जागेत 5 सेंटिमीटर पाणी साचले, तरी 50 किलोंचा भार होतो. नळ्यांच्या टोकांवर जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळावेत व ताडपत्री दोराने ताणून बांधावी. सैल राहिल्यास ती वाऱ्याने फडफडून फाटते. मागील दिवे व क्रमांकपट्टी झाकू नये. हे छत मालासाठी आहे. गाडी उलटल्यास ते कोणास वाचवू शकणार नाही. म्हणून मुलाबाळांना त्याखाली कदापि बसवू नये.