माकडताप आणि भाषांची कुंपणे

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांतील माणसे तापाने अंथरुणास खिळली. या व्याधीचे विषाणू गोचिडीमार्फत पसरतात, असे संशोधनाने सिद्ध झाले. कन्नड माणसाने तिला 'मंगन कायिले' म्हटले. पुढे २०१२ मध्ये म्हैसूर नगरीच्या दक्षिणेस असलेल्या बंदीपूरच्या वनात, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग तालुक्यात ती प्रकटली. मराठीत तिचे नाव झाले 'माकडताप'.

हा सारा प्रसार हवामानबदलाच्या माथी मारणे घाईचे ठरेल. अरण्ये तुटली, त्यांच्या पोटात बागा शिरल्या, माणूस आणि माकड एकमेकांच्या निकट आले. तथापि गोचिडीचे जीवनचक्र पावसाळ्याशी बांधलेले आहे, हेही तितकेच खरे. पाऊस सरल्यावर तिची पिल्ले वाढीस लागतात. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंतचा कोरडा काळ हाच तापाचाही काळ. याच दिवसांत कोकणातील कष्टकरी काजू वेचण्यास आणि पातेरा गोळा करण्यास रानात शिरतो. पावसाचे येणे-जाणे बेभरवशाचे झाले, तर रोगाचे हे पंचांगही ढळण्याचा संभव आहे. मग ठराविक महिना पाहून जागी होणारी आरोग्ययंत्रणा उशिराच पोहोचणार.

शिमोग्याकडे या रोगाचा सहा दशकांहून अधिक अनुभव आहे. मेलेले माकड दिसताच कळवावे, त्याला हात लावू नये. रानात जाताना अंगास प्रतिबंधक तेल लावावे. परतल्यावर कपडे आणि अंग ऊन पाण्याने साबण लावून धुवावे. या साध्या गोष्टी आहेत. पण जुनी लस वापरातून गेल्यानंतर त्यांचेच मोल सर्वाधिक आहे. हा अनुभव कन्नड बोलीत आणि इंग्रजी अहवालांत अडकून पडला, तर दोडामार्गच्या काजूवेचणीला त्याचा काय उपयोग? विषाणूला राज्यसीमा ठाऊक नाही. कुंपण आहे ते भाषांचे.

म्हैसुरात १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान कार्यरत आहे. कन्नड, मराठी, कोंकणी, तमिळ आणि मलयाळम या पाचही भाषांत माकडतापाची एकच, सोपी, ऋतुमानाप्रमाणे दरवर्षी सुधारली जाणारी सूचनापत्रिका अशा नगरीतून निघावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. भाषांतर हा केवळ वाङ्मयाचा विषय आहे, असे मानण्याची आपल्याला सवय जडली आहे. रानातून तापाने फणफणत घरी परतलेल्या मजुराच्या दृष्टीने मात्र तो जगण्या-मरण्याचा विषय आहे.