विश्लेषण : रेयाल माद्रिदमध्ये साडेसहा वर्षांत केवळ ११ सामने… तरीही मार्टिन ओडेगार्ड अपयशी का ठरला नाही?

२३ मे २०१५. गेटाफेविरुद्धच्या सामन्यात ५८व्या मिनिटाला ख्रिस्तियानो रोनाल्डो मैदानाबाहेर आला आणि त्याच्या जागी १६ वर्षे १५७ दिवसांचा नॉर्वेचा एक मुलगा उतरला. ला लिगामध्ये रेयाल माद्रिदकडून खेळणारा तो सर्वांत लहान खेळाडू ठरला. पुढची काही वर्षे मात्र ‘वाया गेलेली गुणवत्ता’ म्हणून त्याचेच उदाहरण दिले जाऊ लागले. आज तोच मार्टिन ओडेगार्ड आर्सेनल आणि नॉर्वे या दोन्ही संघांचा कर्णधार आहे. मधल्या काळात काय घडले आणि तरुण फुटबॉलपटूंबाबत निकाल देण्याची घाई कशी अंगलट येते, याचा आढावा.

ओडेगार्डची एवढी चर्चा का होती?

१७ डिसेंबर १९९८ रोजी नॉर्वेतील द्रामेन शहरात ओडेगार्डचा जन्म झाला. वडील हान्स एरिक हेही व्यावसायिक फुटबॉलपटू. ते ज्या स्ट्रॉम्सगोडसेट क्लबकडून खेळले, त्याच क्लबकडून मार्टिनने एप्रिल २०१४ मध्ये, वयाच्या १५व्या वर्षी पदार्पण केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो नॉर्वेच्या राष्ट्रीय संघातून खेळला. देशाकडून खेळणारा सर्वांत लहान खेळाडू हा विक्रमही त्याच्या नावावर लागला. डाव्या पायाच्या या आक्रमक मध्यरक्षकासाठी युरोपातील बडे क्लब रांगेत उभे राहिले. जानेवारी २०१५ मध्ये रेयाल माद्रिदने बाजी मारली.

सोळाव्या वर्षी परदेशी क्लबशी करार कसा झाला?

‘फिफा’च्या नियमानुसार १८ वर्षांखालील खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबमध्ये जाता येत नाही. याला मोजके अपवाद आहेत. त्यांपैकी एक म्हणजे १६ ते १८ वर्षांच्या खेळाडूने युरोपीय महासंघ किंवा युरोपीय आर्थिक क्षेत्रातच क्लब बदलणे. त्यासाठी नव्या क्लबला शिक्षण, राहण्याची सोय आणि प्रशिक्षणाची हमी द्यावी लागते. नॉर्वे महासंघाचा सदस्य नसला, तरी आर्थिक क्षेत्राचा भाग आहे. डिसेंबर २०१४ मध्ये ओडेगार्डने १६ वर्षे पूर्ण केली आणि महिनाभरात माद्रिदचा करार झाला, तो असा. वडिलांनाही क्लबच्या युवा विभागात प्रशिक्षकाचे काम मिळाले.

माद्रिदमध्ये नेमके काय बिनसले?

ओडेगार्डचा सराव वरिष्ठ संघाबरोबर आणि सामने मात्र ‘कॅस्टिया’ या राखीव संघाकडून, अशी व्यवस्था होती. त्यामुळे तो धड इकडचाही नव्हता आणि तिकडचाही. शिवाय तो काळ माद्रिदच्या सुवर्णयुगाचा होता. लुका मॉड्रिच, टोनी क्रूस, कॅसेमिरो यांच्यासारखे मध्यरक्षक असलेला हा संघ २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे चॅम्पियन्स लीग जिंकत होता. त्या मधल्या फळीत किशोरवयीन मुलाला जागा मिळणे जवळपास अशक्यच होते. गुणवत्ता कमी पडली, असे म्हणण्यापेक्षा तिला मैदानावर उतरण्याची संधीच मिळाली नाही, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

‘लोन’ने काय साधले?

‘लोन’ म्हणजे मूळ करार कायम ठेवून खेळाडूला ठरावीक काळासाठी दुसऱ्या क्लबकडे पाठवणे. ओडेगार्ड जानेवारी २०१७ मध्ये नेदरलँड्समधील हीरेनवीनकडे गेला. तिथे तो दीड हंगाम राहिला. गोल फारसे झाले नाहीत आणि टीकाकारांना निमित्त मिळाले. पण दर आठवड्याला व्यावसायिक बचावपटूंच्या धक्क्यांना तोंड देण्याची सवय त्याला तिथेच लागली. २०१८-१९ मध्ये व्हिटेसे क्लबकडून त्याने लीगमध्ये ८ गोल केले. २०१९-२० मध्ये तो स्पेनमध्येच रेयाल सोसिदादकडे गेला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ला लिगाचा महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

फेब्रुवारी २०२० मध्ये कोपा डेल रे स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत सोसिदादने माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ४-३ असे हरवले. त्या सामन्यातील पहिला गोल ओडेगार्डचा होता. माद्रिदने त्याला परत बोलावले खरे, पण पुन्हा बाकावरच बसवले. जानेवारी २०२१ मध्ये तो आर्सेनलकडे लोनवर गेला आणि ऑगस्टमध्ये कायमचा तिथला झाला. जुलै २०२२ मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, त्याच्याकडे कर्णधारपद आले. २०२२-२३ च्या प्रीमियर लीगमध्ये त्याने १५ गोल केले आणि आर्सेनलने दुसरे स्थान मिळवले.

मग लोन पद्धत योग्यच म्हणायची का?

इथेच खरा प्रश्न आहे. ओडेगार्डच्या पाठीशी फुटबॉल जाणणारे वडील होते आणि त्याच्यात रस असलेले क्लबही होते. प्रत्येकाचे नशीब असे नसते. दर हंगामात नवे शहर, नवी भाषा, नवा प्रशिक्षक असे करता करता अनेकांची उमेदीची वर्षे निघून जातात. क्लबची जोखीम मर्यादित असते. खेळाडू चमकला तर किंमत वाढते, नाही चमकला तर त्याला विकून मोकळे होता येते. खेळाडूची गेलेली वर्षे मात्र परत येत नाहीत.

‘फिफा’ने २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा आणली. आता एका क्लबला एका वेळी बाहेर सहा आणि आत सहा खेळाडूच लोनवर ठेवता येतात आणि लोनचा कालावधी कमाल एक वर्षाचा असतो. पण क्लबनेच घडवलेले २१ वर्षांपर्यंतचे खेळाडू या संख्येत मोजलेच जात नाहीत. तरुणांना खेळायला मिळावे, हा त्यामागचा हेतू चांगला आहे. तरीही ज्या वयात सर्वाधिक संरक्षण हवे, त्याच वयातील या खेळाडूंवर संख्येचे बंधन नसणे खटकते. किमान काही सामने खेळायला मिळतील, अशी अट तरुण खेळाडूंच्या लोन करारात असणे हा त्यावरचा साधा उपाय ठरू शकतो.

या प्रवासातून काय लक्षात घ्यावे?

तरुण मध्यरक्षकाचा करार मोजायचा तर क्लबच्या नावाने नव्हे, मैदानावर मिळणाऱ्या मिनिटांनी मोजावा. पालक, एजंट आणि चाहते या सर्वांनाच हे लागू होते. कुणाला कुठे पास द्यायचा, वेग कधी वाढवायचा, कधी थांबायचे, हे मध्यरक्षक सामने खेळूनच शिकतो. सरावात कितीही मोठे सहकारी असले, तरी ती उणीव भरून निघत नाही.

नॉर्वे यापूर्वी विश्वचषकात खेळला तो १९९८ मध्ये, म्हणजे ओडेगार्डच्या जन्माच्या वर्षी. २०२६ च्या विश्वचषकासाठी हा संघ पुन्हा पात्र ठरला, तेव्हा त्याचा कर्णधार अठराव्या वर्षीच अनेकांनी मोडीत काढलेला तोच मुलगा होता. त्याला वाचवले ते माद्रिदच्या पांढऱ्या जर्सीने नाही, तर हीरेनवीन, व्हिटेसे आणि सोसिदादमध्ये मिळालेल्या सामन्यांनी.